बाईला लोह लागते तरी किती?

गेल्या महिन्यात या सदरात पांडुरोगावर लिहिले, त्यानंतर अंगणवाडीच्या एका ताईंचे पत्र आले. पत्र जेमतेम आठ ओळींचे, पण त्यापायी मला आठवडाभर कपाटातली पुस्तके खाली काढावी लागली. ताई लिहितात, "माझी आईही अंगणवाडीतच होती. तिच्या जुन्या वहीत बाईला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागते असे लिहिले आहे. माझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात २१ आहे. आताच्या नव्या तक्त्यात २९ आहे आणि त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात १५. डॉक्टरीणबाई, यातला खरा आकडा कोणता? मी फलकावर काय लिहू?"

ताईंनी एकही आकडा चुकीचा उतरवलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९०च्या शिफारशीत ३० होते, २०१०मध्ये ते २१ झाले आणि २०२०मध्ये १५ व २९ असे दोन आकडे आले. एवढ्या काळात बाईचे शरीर काही बदललेले नाही. मग आकडा असा खाली-वर का झाला? वाचकहो, याचे उत्तर मोठे रंजक आहे आणि आपल्या घरातल्या बायकांच्या दृष्टीने फार उपयोगाचेही. थोडे हिशेबाचे काम आहे, पण किराण्याच्या वहीपेक्षा अवघड नाही.

आधी खर्चाची बाजू पाहू. लोहाच्या बाबतीत आपले शरीर महाकंजूष आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातले लोह नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. जास्तीचे लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोयच शरीरात नाही, हे मॅकन्स आणि एल्सी विडोसन या दोन शास्त्रज्ञांनी १९३७मध्ये दाखवून दिले. तरीही कातडीच्या झडणाऱ्या पेशी, आतड्याचे अस्तर, थोडे लघवीतून असे रोज किंचित लोह जातेच. ते किती? १९६८मध्ये अमेरिका, व्हेनेझुएला आणि दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनी मिळून ते मोजले. किरणोत्सारी लोह अगदी अल्प प्रमाणात शरीरात सोडायचे आणि ते कसकसे कमी होत जाते याची दीर्घकाळ नोंद ठेवायची, अशी ती पद्धत. या मंडळींत डरबनचे भारतीय वंशाचे लोकही होते. उत्तर आले ते दर किलो वजनामागे रोज सुमारे १४ मायक्रोग्रॅम. म्हणजे ५५ किलोच्या बाईचे दिवसाला पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास.

इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हे मोजमाप झाले ते सारे पुरुषांवर. बायकांचा आकडा वजनाच्या हिशेबाने त्यावरूनच काढला गेला आणि अजूनही तोच चालतो. असो.

बाईच्या हिशेबात खरी तफावत पडते ती मासिक पाळीने. पाळीत किती रक्त जाते हे नुसते विचारून कळत नाही. स्वीडनमधील हालबर्ग आणि निल्सन यांनी त्यासाठी १९६४मध्ये एक साधी पण चिकाटीची रीत काढली. बायकांनी पाळीतले सगळे पॅड जपून ठेवायचे, प्रयोगशाळेत ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, आणि पाण्याला जो रंग येईल त्याचा गडदपणा यंत्राने मोजून तो त्या बाईच्या हातातून काढलेल्या रक्ताशी ताडून पाहायचा. १९६६मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोथेनबर्ग शहरातील ४७६ बायकांची अशी मोजणी प्रसिद्ध केली. आज जगभरच्या तक्त्यांत जो लोहाचा आकडा दिसतो, त्याच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी अशीच मोजणी असते.

त्यांना काय आढळले? निम्म्या बायकांचे रक्त एका पाळीत ३० मिलिलिटरच्या आतच जाते, म्हणजे सहा छोटे चमचे. पण दहातल्या साधारण एकीचे ८० मिलिलिटरच्याही वर जाते. दुसरी गोष्ट, एकाच बाईचे प्रमाण महिन्यामागून महिने जवळपास तेच राहते. आणि तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांचे ८० मिलिलिटरहून अधिक जात होते, त्यांतल्या शंभरापैकी चाळीस जणी सांगत होत्या की आमची पाळी बेताची किंवा कमीच आहे. उलट, २० मिलिलिटरही न जाणाऱ्यांपैकी काहींना आपले फार जाते असे वाटत होते. जिला जे पहिल्यापासून आहे तेच तिला रीतीचे वाटते. दुसरीचे पाहायला ती कुठे जाणार?

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवली. ती सांगते.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई आहे, वय छत्तीस, दोन मुले. धाप लागते, पायांत गोळे येतात, संध्याकाळी मशीनवर बसवत नाही, ही तिची तक्रार. मुलाच्या पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवयही लागली होती. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी खा म्हणून सांगितले. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १०वर आले. गोळ्या थांबल्या, ते पुन्हा ८वर. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. असे दोन वर्षे चालले. मी मनात म्हणत होते, ही गोळ्या घेत नसणार. एकदा तसे तिला बोललेसुद्धा. ती काही बोलली नाही, खाली मान घालून निघून गेली.

एके दिवशी आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर तिच्याकडे ब्लाउज टाकायला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "बाई, तिच्या खुर्चीवर काळ्या कापडाची चौपदरी घडी असते. मी विचारलं तर म्हणाली, महिन्यातले तीन दिवस अशीच बसते, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग लागतो."

मी तिला बोलावून घेतले आणि दोन वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न तेव्हा विचारला. पाळी नऊ दिवस चालायची. पहिले तीन दिवस दर तासाला घडी बदलावी लागायची, रात्री दोनदा उठावे लागायचे, गाठी पडायच्या. धाकट्या मुलानंतर तांबी बसवली होती, तेव्हापासून आणखी वाढले होते. मी म्हटले, "अगं, मग सांगितलं का नाहीस?" तर म्हणते, "आमच्या आईचंही असंच होतं. सगळ्याच बायकांचं असतं की. अन् तुम्ही कुठं विचारलंत?"

आता तिचा हिशेब मांडू या. रक्तात हिमोग्लोबिन १२ असेल तर एका मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असते. ज्या बाईचे पाळीत ३० मिलिलिटर जाते, तिचे महिन्याला १२ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसावारी अर्ध्या मिलिग्रॅमहूनही थोडे कमी. त्यात आधीचे पाऊण मिळवले की रोजचा खर्च झाला सव्वा मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. जिचे ८० मिलिलिटर जाते, तिचा रोजचा खर्च दोनच्या घरात. आणि १०० मिलिलिटर जात असेल तर सव्वादोन. आमच्या शिवणकामवालीचे मी मोजलेले नाही, पण ती यांतल्या शेवटच्या रांगेत नक्कीच बसली असती.

सव्वा आणि सव्वादोन! आकडे क्षुल्लक वाटतात. पण ही झाली शरीराच्या आत पोचायला हवी ती रक्कम. ताटात वाढलेले सगळे लोह अंगी लागत नाही, आणि ताईंच्या चार आकड्यांची मेख इथेच आहे.

आपल्या धान्य-डाळींतले लोह फार थोडे शोषले जाते. धान्याच्या कोंड्यातले फायटेट नावाचे द्रव्य त्याला आतड्यातच अडवून ठेवते. मांस-मासळीतले लोह त्या मानाने सहज शोषले जाते. १९९०मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी धरले होते की भारतीय बाईच्या जेवणातले ५ टक्के लोह अंगी लागते. ५० किलोच्या बाईला दीड मिलिग्रॅम हवे, म्हणून ताटात ३०. पुढे नवी मोजमापे हाती आली आणि २०१०मध्ये हे प्रमाण ८ टक्के धरले गेले. बाईचे वजन आता ५५ किलो धरले, गरज १.६५ मिलिग्रॅम झाली, म्हणजे उलट वाढलीच, पण ताटातला आकडा २१वर उतरला. भाव बदलल्यावर त्याच मालाचे बिल बदलावे, तसेच हे.

शोषणाचा हा भावही प्रत्येकीला सारखा नसतो. बंगळुरूमध्ये तरुण मुलींवर झालेला एक अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना भाताचे एकच जेवण दिले. ज्यांचे रक्त चांगले होते त्यांनी त्यातले अडीच टक्के लोह घेतले आणि ज्यांना लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झाला होता त्यांनी दहा टक्के. शरीराला गरज कळते आणि ते दार थोडे अधिक उघडते. पण दार कितीही उघडले तरी बाहेर माल असायला हवा. त्याच अभ्यासात जेवणाबरोबर एक कप चहा दिला, तर शोषण निम्म्यावर आले. 'क' जीवनसत्त्व दिले, तर कित्येक पटींनी वाढले. आपल्याकडे सकाळी चहा-चपाती, चहा-भाकरी हाच न्याहरीचा प्रकार आहे. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, कारण मलाही तो सुटत नाही. जेवणानंतर तासाभराने घ्यावा आणि भाजी-वरणावर लिंबू पिळावे, नाहीतर पेरूची फोड घ्यावी. एवढ्याने त्याच ताटातले लोह अधिक अंगी लागते.

आता २०२०चे १५ आणि २९. वर मांडलेला हिशेब ८ टक्क्यांनी भागून पाहा. मधल्या बाईला रोज सव्वाच्या आसपास हवे, म्हणून ताटात १५. शंभर मिलिलिटर जाणाऱ्या बाईला सव्वादोन, म्हणून ताटात २८-२९. म्हणजे १५ ही मधल्या बाईची गरज, आणि २९ हा शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव बायकांना पुरेल असा आकडा. पुरुषांसाठी हेच दोन आकडे ११ आणि १९ आहेत. पुरुषांपेक्षा बायकांच्या दोन आकड्यांत अंतर जास्त आहे, आणि त्याचे मोठे कारण पाळी.

म्हणून ताई, प्रत्येक बाईने २९ मिलिग्रॅम खाल्लेच पाहिजे असा त्याचा अर्थ नव्हे. ज्यांना १५ पुरते अशा कितीतरी बायका आहेत. आपली कोणती, हे मात्र पाळी विचारल्याखेरीज कळत नाही.

आणि २९ गाठणे सोपेही नाही. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह असते. दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या दिवसभरात खाल्ल्या तर १३ झाले. ज्वारी खाणारीचे त्याच वजनात आठाच्या आसपास. अर्धी वाटी तूरडाळीचे दोन, हिरव्या पालेभाजीचे तीन-चार. भात खाणारीची तर पंचाईतच, पांढऱ्या तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. रक्त वाढावे म्हणून लोक बीट खातात, ते केवळ त्याच्या रंगावर भाळून. त्यातही शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम भरत नाही. गुळाचा सुपारीएवढा खडा खाल्ला तर अर्धा मिलिग्रॅम मिळतो. गूळ वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये. मटकी, चवळी, राजगिरा, हळीव, राजगिऱ्याची व चवळीची पालेभाजी आणि चालत असेल त्यांना मटण, कलेजी, सुकट हे खरे कामाचे. आंबट कालवण लोखंडी कढईत केले तर तीही थोडी भर घालते.

दिवस गेल्यावर हिशेब निराळाच होतो. पाळी बंद असते हे खरे, पण बाळाला, वारेला, आईच्या वाढत्या रक्ताला आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावाला धरून संपूर्ण गरोदरपणात सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागते. शेवटच्या महिन्यांत तर रोज पाच-सहा मिलिग्रॅम आत जायला हवे. तेवढे ताटातून मिळत नाही, म्हणूनच सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या १८० दिवस दिल्या जातात. त्याने शौचास काळी होते, कधी मळमळते. घाबरून गोळ्या गादीखाली सारू नयेत. मात्र घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, लोहाच्या मूठभर गोळ्या मुलाच्या जिवावर बेततात.

सगळाच पांडुरोग लोहाचा नसतो, हेही जाता जाता सांगते. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८मध्ये मुंबईला आल्या आणि गिरणीतल्या गरोदर कामगार बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. तो त्यांनी यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला. पुढे त्यातून फोलिक आम्लाचा शोध लागला. आजच्या लाल गोळीत लोहाबरोबर फोलिक आम्ल असते ते त्यामुळे. काही भागांत सिकलसेल, थॅलेसेमिया यांचे रुग्ण असतात. म्हणून दोन-तीन महिने गोळ्या नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल, तर गोळ्यांचा ब्रँड बदलत बसण्यापेक्षा कारण शोधावे.

कारण शोधायचे तर विचारावे लागते, आणि आमचे घोडे तिथेच अडते. कावळा शिवला, बाजूला बसली, अडचण आहे अशी नावे आपण घेतो, पण किती दिवस आणि किती, हे घरात कोणी बोलत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ आठ. देशाच्या २०१९ ते २१च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत पांडुरोग आढळला, पुरुषांत २२ टक्के. जेवण तर एकाच चुलीवरचे. बाईच्या वाट्याला उरलेसुरले येते हे एक कारण आहेच, पण पाळीचा खर्चही त्यात आहे. न बोलण्याचे दुसरे टोक म्हणजे एकदम पिशवी काढून टाकणे. बीडच्या ऊसतोडणीच्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता.

घरच्या घरी मोजायचे कसे? परदेशात १९९०मध्ये एक चित्रांचा तक्ता निघाला, पॅड किती भिजले त्याच्या चित्रावर खूण करायची आणि गुण मोजायचे. आपल्याकडे अजून पुष्कळ बायका कापडाच्या घड्या वापरतात, आणि सुती लुगड्याची घडी किती पिते ते कोणत्याच तक्त्यात नाही. म्हणून मी ढोबळ खुणा विचारते. सात दिवसांहून अधिक चालते का? तास-दोन तासांत घडी किंवा पॅड बदलावे लागते का? रात्री त्यासाठी उठावे लागते का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात का? यांतल्या एकालाही हो असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना हे शब्दांत सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. अशा पाळीवर औषधे आहेत, आणि पुष्कळ जणींना पिशवी काढावी लागत नाही. तांबीने रक्तस्राव वाढतो हे ठाऊक असलेले बरे. ज्यांची पाळी मुळात जास्त आहे त्यांनी ती बसवण्यापूर्वी दुसऱ्या साधनांची चौकशी करावी. चाळिशीनंतर पाळी अचानक बदलली, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र एक दिवसही घालवू नये.

शिवणकामवालीची सोनोग्राफी केली. गाठबीठ काही नव्हती. तांबी काढली, पाळीवर औषध दिले, गोळ्या चालू ठेवल्या. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज जितक्या घड्या बदलाव्या लागतील तितके ठिपके खडूने द्यायला सांगितले. शिंप्याच्या घरात खडूला काय तोटा! पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.६ झाले. गोळ्यांवरून मी तिला जे बोलले होते, त्याबद्दल माफी मागितली. ती नुसती हसली.

ताई, फलकावर २९ लिहा, नवा आकडा तोच आहे. त्याच्याखाली वर दिलेले चार प्रश्नही लिहा, आणि ते वाचायला बायकांना एकट्याने उभे राहता येईल अशा जागी फलक लावा.

परवा शिवणकामवाली पुन्हा आली होती, नणंदेला घेऊन. नणंद दारातच घुटमळत होती. हिने तिला खुर्चीत बसवले आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हिचं दहा दिवस चालतं. मी कालनिर्णय आणलंय."